माझ्याशी कोणी भाव करीना

मला कॅन्सर झाल्याचं अहमदपुरात पसरायला आठ-दहा दिवस लागले, आणि पसरल्यावर लोकांनी माझ्याशी भाव करणं बंद केलं. सुरुवातीला हे माझ्या ध्यानात आलं नाही. एकदा वांगी घेताना मी नेहमीसारखं म्हणालो, "चाळीस कशाचे? तीस." भाजीवाली म्हणाली, "न्या अप्पा, वीस द्या." मी वांगी तिथंच ठेवली आणि घरी आलो. बायकोला वाटलं, मला वास सहन झाला नसेल.

मी बैलांचा व्यापारी. लाल कंधारी आणि देवणी या दोन जातींवर माझं घर उभं राहिलं. बापाकडं जमीन नव्हती, ओळख नव्हती. दुसऱ्यांचे बैल बाजारापर्यंत चालवत न्यायची मजुरी मी केली, मग दलाली, मग स्वतःचा व्यापार. शाळा सातवीपर्यंत, पुढचं वाचन रद्दीच्या दुकानातल्या पुस्तकांवर. मुलाला इंजिनियर केलं. यातलं काहीही मला कोणी दिलेलं नाही, सगळं भांडून घेतलं. मी तापट आहे, ते लपवत नाही. मी सांगितलेल्या किमतीला समोरचा हसला तर मी चालायला लागतो, आणि तो मागून हाक मारतो. चाळीस वर्षांत ती हाक क्वचितच चुकली.

कॅन्सर मोठ्या आतड्याचा निघाला. लातूरला ऑपरेशन झालं, मग केमो. हे दोन्ही सरकारी योजनेच्या कार्डावर झालं. बाकीचं मात्र खिशातून: येण्याजाण्याची गाडी, बाहेरून करायच्या तपासण्या, कार्डात न बसणाऱ्या गोळ्या, पोराच्या बिनपगारी रजा. शेवटी डॉक्टर म्हणाले की सध्या काही दिसत नाही, आता फक्त दर तीन महिन्यांनी तपासणीला या. "आनंदाची बातमी आहे," असंही म्हणाले. मी मान हलवली. परतताना चाकूरला चहाला थांबलो. बायकोनं पेढे घेतले. मी पेढा तोंडात घातला आणि आनंद येईल म्हणून थांबलो. चहा संपला, गाडी निघाली, तो आला नाही. मला वाटलं, थकलोय, उद्या येईल.

केमोनं बोटांचे शेंडे मेले होते. शर्टाची बटणं बायको लावायची. भाकरी गरम आहे की गार, हे हाताला कळायचं नाही. डॉक्टर म्हणाले, नसांवर परिणाम होतो, हळूहळू सुधारतं, कधीकधी राहतंही. इतर कोणाला हे चाललं असतं. माझा धंदाच बोटांचा. बैलाचा सौदा आमच्याकडं तोंडानं होत नाही. दोघं हातावर रुमाल टाकतात आणि रुमालाखाली एकमेकांची बोटं धरतात. एक बोट म्हणजे एक, पंजा म्हणजे पाच. हजार की दहा हजार, ते जनावर बघून दोघांनाही माहीत असतं. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी भाव त्या दोघांतच राहतो. समोरच्याच्या बोटाला सुटलेला घाम, धरण्यातला नेट, सोडण्यातली घाई, यावरून तो अजून किती चढेल हे मला कळायचं. मी लोकांचे चेहरे कधी वाचले नाहीत. गरजच पडली नाही.

केमो संपल्यावर दोन महिन्यांनी मी एक जोडी घेऊन बाजारात गेलो. समोर उदगीरकडचा एक व्यापारी होता. पंचवीस वर्षं आम्ही एकमेकांना लुबाडत आलो आहोत. माझ्या मनात त्याच्याइतका मान फार थोड्यांना आहे. त्यानं रुमाल टाकला. त्याचा हात माझ्या हाताला लागला एवढं कळलं, पण त्यानं तीन बोटं धरली की चार, ते कळेना. मी नकाराची मान हलवली. त्यानं पुन्हा धरलं. मी पुन्हा मान हलवली. तिसऱ्यांदा त्यानं हात तसाच ठेवला आणि कानाशी येऊन म्हणाला, "अप्पा, तोंडानं सांगा. तुम्ही म्हणाल तो भाव."

"तोंडानं? मी काय कोंबड्या इकाय आलो का?"

"सांगा हो. आपल्यात काय आता."

मी मुद्दाम अचाट आकडा सांगितला. जोडीच्या खऱ्या किमतीपेक्षा तीस हजारांनी जास्त. तो हसेल, शिवी देईल, मी चालायला लागेन, असा माझा हिशोब.

"दिले," तो म्हणाला.

मी भर बाजारात त्याला नाही नाही ते बोललो. भीक घालतो का, म्हणालो. तुझ्या बापानं कधी दिलता का एवढा भाव, म्हणालो. त्यानं ऐकून घेतलं, रुमालाची घडी केली आणि म्हणाला, "बरे व्हा आधी, अप्पा. मग भांडू." लोक हसले नाहीत, हे आणखी वाईट. त्या दिवशी मी आयुष्यातला सगळ्यात मोठा नफा घेऊन घरी आलो आणि त्यानंतर बाजारात गेलो नाही.

घरी मी पडून असायचो. याला दुःख म्हणता येणार नाही. दुःख मला माहीत आहे. आई गेली तेव्हा झालं होतं, त्यात रडू येतं, भूक लागते, कोणावर तरी राग येतो. हे तसं नव्हतं. टीव्ही चालू असायचा आणि मी त्याच्याकडं तोंड करून असायचो. बायको विचारायची, "भाजी कशी झालीय?" मी म्हणायचो, "चांगली." एकदा तिनं मीठ घातलंच नव्हतं, मुद्दाम, मला कळतं का ते बघायला. मी चांगली म्हणालो आणि सगळी खाल्ली. तिनं ताट उचललं आणि बराच वेळ मोरीतून बाहेर आली नाही.

याच दिवसांत मी ठरवलं की पुढच्या तपासणीला जायचं नाही. कोणाला सांगितलं नाही. मरायचं असं काही ठरवलं नव्हतं. फक्त जायचं नाही. मी ते खर्चाच्या भाषेत मांडलं होतं. तपासणीत पुन्हा काही निघालं तर पुन्हा लातूर, पुन्हा गाडी, पुन्हा पोराची रजा. समजा मी बाजारात उभा आहे आणि समोर माझ्यासारखं जनावर आलंय: वय झालेलं, एका बाजूनं उतरलेलं, चाऱ्यावर नीट तोंड न टाकणारं. मी काय भाव दिला असता? मी थांबलोही नसतो. हा विचार करताना मला जराही वाईट वाटलं नाही. हिशोब बरोबर येत होता आणि मला तेवढंच पुरेसं होतं.

लातूरच्या डॉक्टरांनी मागच्या खेपेला एक गोळी वाढवली होती. पोरगं म्हणालं, बोटांची आहे. महाग होती आणि कार्डात बसत नव्हती. मी ती एक दिवसाआड घ्यायला लागलो. दहाचं पाकीट वीस दिवस पुरवायचं. हे कोणाला माहीत नव्हतं. सगळ्या जगात मी जिंकत असलेला तेवढाच एक सौदा उरला होता. न घेतलेल्या दिवशी मान वळवली की डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं व्हायचं आणि घाम सुटायचा. मी ते आजाराच्या नावावर टाकलं.

मग एकदा गोळ्या आणायला मी स्वतः दुकानात गेलो. चिठ्ठी काचेवर ठेवली आणि विचारलं, "यातली कोणती कमी केली तर चालंल?"

दुकानदार ओळखीचा. त्यानं त्या गोळीवर बोट ठेवलं. "बाकीचं बघू अप्पा, पण ही बंद करू नका. एकदम सोडली तर लई तरास होतो."

"बोटाचीच हाय ना?"

"बोटालापण चालती."

"पण म्हणजे?"

तो इकडंतिकडं बघायला लागला. "उदासीवरची हाय. मनाची. आजकाल कॅन्सरवाल्यांना देतात बऱ्याच जणांना. त्यात काही न्हाई एवढं."

मी गोळ्या न घेता परत आलो. रविवारी पोरगं लातूरहून आलं. त्यानं चपला काढायच्या आत मी सुरू केलं.

"मला येडं ठरवलंस का रे?"

"काय झालं?"

"मनाची गोळी बोटाची म्हणून चारलीस मला."

ते खुर्चीत बसलं. "अप्पा, डॉक्टरनं विचारलं, झोपतात का, जेवतात का, बोलतात का. मी तिन्हीला न्हाई म्हणलो. मग दिली त्यांनी. बोटांनाबी उपयोग हाय तिचा. मी खोटं बोललो न्हाई, अर्धं बोललो. तुम्ही बाजारात बैलाचं पूर्ण सांगताव का?"

"खोड सांगूनच विकलाय मी प्रत्येक बैल."

"सांगताव की," आतून बायको म्हणाली. "गिऱ्हाईकानं पैसे मोजल्यावर."

एरवी मी हसलो असतो. घरातलं उरलेलं पाकीट मी अंगणात फेकलं आणि पोराला म्हणालो की तुला शिकवलं ते मला फसवायला नाही. मी मोठ्यानं ओरडत होतो आणि ओरडताना माझ्या लक्षात आलं की मला राग आलेला नाही. शब्द सवयीनं बाहेर पडत होते. पोराला ते कळत नव्हतं, त्याचे डोळे भरले होते. मी ओरडत राहिलो, कारण थांबायचं कसं ते सुचेना.

पण फसवल्याची गोष्ट मी मनात पक्की बसवली. ती अजूनही आहे. जगातल्या कोणालाही मी माझ्या नकळत माझा सौदा करू दिला नव्हता, आणि तो माझ्या घरातच झाला.

गोळी मी पूर्ण सोडली. चार दिवस डोकं गरगरत होतं, अंथरुणावरून उठवेना. पाचव्या दिवशी बायकोनं पिशवी भरली. "नांदेडला जायचं. मनाच्या डॉक्टर हायत एक बाई. मी नंबर लावलाय."

"लातूर काय वाईट हाय?"

"लातुरात तुम्हाला सगळे वळखतात. तुम्ही तेच म्हणला असता, म्हणून मीच आधी इचार केला."

"मी येत न्हाई."

"नका येऊ. मी एकटी जाते, अन् तुमचं सगळं मीच सांगून येते."

ती सांगेल या भीतीनं मी गेलो. एसटीत ती खिडकीशी बसली.

दवाखाना विष्णुपुरीच्या रस्त्याला होता. डॉक्टर माझ्या पोराच्या वयाच्या. बायकोला त्यांनी बाहेर बसवलं आणि मला विचारलं, "काका, काय होतंय ते तुमच्या शब्दांत सांगा."

मी गप्प बसलो. त्याही गप्प बसल्या. मी मनात म्हणालो, हिला येतं तर. आमच्यात जो आधी तोंड उघडतो तो पडतो. बैल दाव्याला बांधलेला असतो, गिऱ्हाईक त्याच्याभोवती फिरतं, मालक तंबाखू मळत आकाशाकडं बघतो. मी पंख्याकडं बघत होतो. त्यांनी पेन खाली ठेवलं होतं आणि त्या नुसत्या बसल्या होत्या, कंटाळाही न दाखवता. अर्धा तास गेला. मग त्या म्हणाल्या, "आपली वेळ झाली, काका." त्या आधी बोलल्या. मी उठलो.

बाहेर काउंटरवर फी मागितली तेव्हा मी तिथल्या मुलीला विचारलं, "कशाची? बाई एक शब्द बोलल्या न्हाईत. मुकेपणाचे पैसे घेताव का?" बाकावरचे लोक बघायला लागले. डॉक्टर दारात आल्या आणि तिला म्हणाल्या, "काकांचं बरोबर आहे. आज घेऊ नकोस." मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "गोळी आजपासून रोज सुरू करा. एक दिवसाआड घेत होता ना? डोक्यात झटके त्याचेच होते. पुढच्या गुरुवारी या." एक दिवसाआडचं मी कोणालाच सांगितलं नव्हतं. बायकोनं पाकिटं मोजली होती आणि नंबर लावतानाच फोनवर सांगून टाकलं होतं.

मी पैशाचं पाकीट हातात धरून उभा राहिलो. फी नाही म्हणजे भांडणही नाही.

बस स्टँडवर बायकोनं शेंगदाण्याची पुडी घेतली आणि विचारलं, "जिंकलाव का मग?"

गोळी मी त्या आठवड्यातही घेतली नाही. पण गुरुवारी गेलो. फुकटचं मला पचत नाही, असं मी स्वतःला सांगितलं. या वेळी मी बायकोला आत घेतलं; साक्षीदार असलेला बरा. आणि बसल्या बसल्या सुरुवात मीच केली, कारण या वेळी माझ्याकडं मुद्दे होते.

"ही गोळी परवडत न्हाई. कार्डात बसत न्हाई."

"त्याच औषधाची दुसऱ्या कंपनीची आहे, तिसऱ्या हिश्श्याच्या किमतीत येते. ती लिहून देते."

"अहमदपुराहून इथं यायचं म्हणजे दोघांचं भाडं, दिवस वाया."

"दोन महिन्यांनी या. मधे फोनवर बोलू."

"तुमची फी."

"मी मंगळवारी सरकारी दवाखान्यात बसते. तिथं केसपेपर काढा, फी नाही. गोळी तिथं असेल तर तीही मिळेल."

"तिथं रांग असती."

"असते."

"वळखीची माणसं भेटतात."

"नांदेडात तुम्हाला कोण ओळखतं?"

"बैलवाले सगळीकडं असतात, मॅडम."

"मग तेही रांगेतच असतील ना, काका. त्यांनाही कोणीतरी ओळखत असेल."

बायको पदर तोंडाला लावून खाली बघायला लागली. मी पुढचा मुद्दा शोधला. माझ्याकडं चाळीस वर्षांचे मुद्दे आहेत. मी एकेक काढून बघितला आणि त्यातला एकही लागू पडेना. बाई प्रत्येक गोष्टीत खाली आल्या होत्या, अगदी शून्यावर. शून्याला घासाघीस होत नाही. असं माझ्याबरोबर कधी घडलं नव्हतं. मी इतका वेळ जे महाग म्हणून नाकारत होतो ते आता फुकट मिळत होतं आणि तरीही माझ्या तोंडात नाहीच होतं.

"पैशाचं झालं," डॉक्टर म्हणाल्या. "आता दुसरं काय आहे?"

या वेळी मी गप्प राहू शकलो नाही. काही मोठं बोललो नाही. म्हणालो की लातूरच्या तपासणीला जायचं नाही असं मी ठरवलंय. महिन्याभरापासून ठरवलंय. पोरावर ओरडतो पण राग येत नाही. भाजीत मीठ नव्हतं ते मला कळलं होतं. सांगावंसं वाटलं नाही. काहीच सांगावंसं वाटत नाही.

बायकोनं माझ्याकडं बघितलं. "मीठ न्हाई ते कळलं होतं?"

"हाव."

"मला वाटलं, चव गेली." मग ती म्हणाली, "चव गेली असती तर बरं होतं."

डॉक्टरांनी तिला पाणी दिलं, मला नाही. मग पेन उचललं. त्यांनी दिलासा दिला नाही, ते मला आवडलं. हा आजारच आहे, म्हणाल्या, आतड्याचा होता तसा, आणि कॅन्सर झालेल्या म्हाताऱ्या माणसांत तो बऱ्याचदा असतो. लोक तो थकवा समजतात. तपासणीला जायचं नाही हे तुम्ही ठरवलंय की या आजारानं, ते गोळी लागू पडल्यावर बघू. तोपर्यंत तारीख मोडायची नाही. महिनाभर काही फरक वाटणार नाही, तरी सोडायची नाही.

"किती दिवस घ्यायची?" मी विचारलं.

"निदान वर्षभर."

"सहा महिने."

"वर्ष."

"आठ. आठ लई झाले."

"वर्ष, काका."

"दहा महिने अन् मधे एक बी दिवस चुकवत न्हाई. लिहून घ्या."

"वर्ष. आणि एकही दिवस चुकवायचा नाही."

फी सोडली, भाडं सोडलं, औषधाची कंपनी बदलली, पण इथं बाई एक दिवसही खाली आल्या नाहीत. मी उठलो आणि दारापर्यंत गेलो. मागून हाक आली नाही. दाराशी उभा राहून मी बायको पिशवी उचलते का ते बघितलं. ती हलली नाही. मी परत येऊन बसलो.

गोळी त्या संध्याकाळी सुरू केली. महिनाभर खरंच काही वाटलं नाही. मंगळवारच्या रांगेत दोन बैलवाले भेटले. एक हदगावचा, एक कंधारचा. तिघांनीही एकमेकांना कशासाठी आलात ते विचारलं नाही. पावसाबद्दल बोललो.

आजही बरं वाटतं असं मी म्हणणार नाही. बोटं तशीच आहेत. बाजारात एकदा जाऊन आलो, सौदा केला नाही, बघितलं. झोप चार तासांवरून पाचावर आली आहे. पोराशी अजून नीट बोलत नाही. त्यानं जे केलं ते त्यानं चांगल्यासाठी केलं, हे मला सगळे सांगतात. मी कोणाला विचारलेलं नाही.

तपासणीच्या दिवशी सकाळी ते गाडी घेऊन दारात आलं. बायको पुढं बसली, मी मागं. अहमदपूर मागं पडलं. मग मी विचारलं, "रजा किती काढलीस?"

"अर्धा दिवस."

"अर्ध्या दिवसात काय होतं? तिथं मशीनला रांग असती, रिपोर्ट दुपारनंतर मिळतो. पूर्ण काढायची."

त्यानं आरशातून माझ्याकडं बघितलं. मी खिडकीबाहेर बघत होतो. त्यानं गाडी बाजूला घेतली, ऑफिसला फोन लावला आणि साहेबाला सांगितलं की आज येणं होणार नाही.